सगळी निळी, एक सोनेरी

सिनेमाला निघताना बायकोनं माझ्या खिशातलं लाल पेन काढून फ्रिजवर ठेवलं. "आज तिथं चुका काढायच्या नाहीत," ती म्हणाली. "पोरीनं सात महिने डोळे फोडून काम केलंय. छान होता म्हणायचं आणि गप्प बसायचं."

"छान असेल तर म्हणेन की."

त्यावर तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. तीस वर्षांच्या संसारात त्या पाहण्याचा अर्थ मला पाठ झालाय. मी मुकाट्यानं चपला घातल्या.

तिची भीती खोटी नव्हती. मी मुद्रितशोधक, म्हणजे पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका काढणारा माणूस. जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांवर पोट भरलं, त्याची खोड लागली. लग्नपत्रिका हातात आली की लग्न कोणाचं हे मी नंतर बघतो. विरारला, चंदनसारच्या आमच्या सोसायटीत उद्या पाणी येणार नाही अशी नोटीस लागली की बाकीचे बादल्या भरायला पळतात आणि मी जिन्याखाली उभा राहून नोटिशीतले ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करतो. शेवटी सेक्रेटरीनं बोर्डाला काच बसवली आणि काचेला कुलूप लावलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे वाक्य आमच्या घरात मला उद्देशून आठवड्यातून एकदा तरी म्हटलं जातं.

मुलीचं काम माझ्याहून विचित्र. ती अंधेरीच्या एका स्टुडिओत परदेशी सिनेमांचं व्हीएफएक्स करते. नातेवाइकांना वाटतं की ती राक्षस उडवते, शहरं बुडवते. तसं काही नाही. ती पुसते. नटीला वायरनं टांगून हवेत सोडतात. मग ती वायर पडद्यावर दिसू नये म्हणून एकेका फ्रेममधून पुसावी लागते आणि वायरीमागे झाकलं गेलेलं जे काही असेल, भिंत, केस, आभाळ, ते पुन्हा रंगवून भरावं लागतं. एका सेकंदाच्या चोवीस फ्रेमा. सकाळी बसलेली पोर संध्याकाळपर्यंत एका नटीच्या कमरेपाशीच असते. तुझं काम कुठलं ते दाखव असं कुणी म्हटलं की सांगायची, "दिसलं तर ते चुकलेलं काम."

हे ऐकून खरं तर माझी छाती फुगायला हवी होती. माझ्या धंद्यातही हेच. नीट तपासलेल्या पुस्तकात तपासणारा कुणाला दिसत नाही. पण कॉलेज संपल्यावर तिनं जेव्हा पहिल्यांदा या कोर्सचं सांगितलं, तेव्हा मी काय म्हणालो? "पुसायचं कसलं शिकायचं? घरात खोडरबर आहे की." मला तो विनोद वाटला होता. ती हसली नव्हती. त्यानंतर सहा-सात वर्षांत तिनं कुठल्या जाहिरातीत, कुठल्या मालिकेत काय पुसलं हे आईला सांगितलं, मामाला सांगितलं, मला म्हणून कधी बघायला बोलावलं नाही. मीही विचारलं नाही. बापाची ऐट म्हणा.

म्हणून त्या दिवशी जेवताना तिनं मोबाइल माझ्या ताटाशेजारी ठेवला आणि "ओळखा" म्हणाली, तेव्हा माझा घास हातातच राहिला. एका नव्या सिनेमाचं पोस्टर होतं. डोंगराच्या तोंडाशी पाठमोरी उभी असलेली एक मुलगी.

"आपलं पुस्तक," मी म्हणालो.

"आपलंच. सात महिने यावरच होते. कंपनीत लिहून दिलेलं असतं, रिलीज होईपर्यंत घरीही सांगायचं नाही." मग जरा थांबून, आमटीकडे बघत, "बाबा, मला तुमचं मत पाहिजे. आईचं नको, मामाचं नको. तुम्ही बघा आणि मला खरं सांगा."

सात महिने लाल डोळे घेऊन घरी येणारी ही मुलगी माझ्याच पुस्तकात बसलेली होती आणि मला पत्ता नव्हता. मला काय वाटलं ते सांगता येत नाही. अभिमान होता, पण त्याच्या पोटात जरा लाजही होती.

ते पुस्तक आमचं कसं, ते सांगायला हवं.

ती पाचवीत होती तेव्हाची गोष्ट. एका प्रकाशकानं माझ्याकडे एक जाडजूड अनुवाद तपासायला दिला. परदेशातली जुनी, गाजलेली अद्भुत कादंबरी. तिथं म्हणे आजोबा नातवंडांना वाचून दाखवतात. आमच्या धंद्यातली जुनी रीत अशी, की प्रूफ एकट्यानं वाचायचं नाही. एकानं मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, आणि वाचताना शब्दच नाही तर स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरण सुरू, अवतरण बंद, नवा परिच्छेद, सगळं उच्चारायचं. दुसऱ्यानं छापील प्रूफावर बोट ठेवून ताडून बघायचं. माझ्यासोबत वाचणारे गृहस्थ तेव्हा निवृत्त झाले होते, नवीन माणूस द्यायला प्रकाशक तयार नव्हता. बायकोनं दोन पानं वाचली आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून गेली ती परत आली नाही. राहिली पोरगी. तिला म्हटलं, वाचशील का? तिनं दप्तर भिरकावलं आणि पाटावर मांडी घालून बसली.

तीन महिने रोज संध्याकाळी आमच्या दीड खोलीत ती कादंबरी अशी वाचली गेली. "अवतरण सुरू तू कोण आहेस प्रश्नचिन्ह अवतरण बंद मुलीनं विचारलं पूर्णविराम." शेजारच्या काकूंना आधी वाटलं पोरीला काहीतरी झालंय. शाळेत बाईंनी धडा वाचायला उभं केलं तर हिनं तिथंही स्वल्पविराम मोठ्यानं म्हटले, सगळा वर्ग हसला. घरी येऊन रडली, म्हणाली, "बाबा, मला आता त्याच्याशिवाय गोष्ट ऐकूच येत नाही."

गोष्ट अशी. डोंगराच्या पायथ्याशी एक मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ राहतात. भाऊ वर्षाचा असताना डोंगराखालची एक म्हातारी त्याचा आवाज चोरून नेते. त्यानंतर तो रडतो तेही नुसतं तोंड उघडून. मुलगी तो आवाज आणायला निघते. वाटेत बरंच काही होतं, ते सोडा. शेवटी ती डोंगराच्या पोटात उतरते. तिथं म्हातारीनं चोरलेले हजारो आवाज आहेत आणि अट एकच. दिवा न्यायचा नाही. उजेड दिसला की आवाज विरून जातात. काळोखात उभं राहून, फक्त कानानं, आपला आवाज ओळखायचा.

आणि लेखकाची गंमत बघा, तो पूर्ण प्रकरणभर काहीही दाखवत नाही. भिंत आहे की नाही, म्हातारी कुठं उभी आहे, काही नाही. नुसते आवाज. लबाड आवाज. प्रत्येक जण मुलीला ताई म्हणून हाक मारतो, कारण प्रत्येकाला बाहेर पडायचंय. भावाचा आवाज तर तिनं वर्षभरच ऐकलेला, तोही बोबडा. ती कशी ओळखणार? सगळ्या हाकांच्या मागे, लांब कोपऱ्यात, कुणीतरी उचकी देतं. रडून थकलेलं बाळ देतं तशी. मुलगी हाकांकडे पाठ फिरवते आणि उचकीकडे चालत जाते.

हे प्रकरण आम्ही मेणबत्तीवर वाचलं. विरारला तेव्हा संध्याकाळचं लोडशेडिंग असायचं, चार तास म्हणजे चार तास. ती वाचत होती, मी प्रूफावर बोट फिरवत होतो. उचकीपाशी आली आणि तिचा स्वर फुटला. तरी धंदा सोडला नाही पोरीनं. हुंदके देत देत "पूर्णविराम नवा परिच्छेद" म्हणत राहिली. मग मी मेणबत्तीच विझवली आणि म्हटलं, थांबू जरा. दोघं अंधारात बसून राहिलो. खाली कुणाचं तरी बाळ रडत होतं. तिनं विचारलं, "बाबा, मी हरवले तर माझा आवाज ओळखाल?" मी म्हटलं, तू मधे स्वल्पविराम म्हणशील, त्यावरून ओळखेन. तेव्हा ती हसली. मुलगी एवढी जवळ असण्याचा तो काळ किती थोडा असतो, हे त्या वेळी कोणी सांगत नाही.

तर असं ते आपलं पुस्तक.

सिनेमाला आम्ही पाच जण गेलो. मी, बायको, मुलगी आणि वसईहून खास आलेले मेव्हणे आणि त्यांची बायको. बायकोचं माहेर वसई पश्चिमेला, केळीची वाडी. मेव्हण्यांनी भाचीच्या सिनेमासाठी घरची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, आणली होती, केळीच्याच सुक्या पानात बांधलेली. मल्टिप्लेक्सच्या दारात पिशव्या तपासणाऱ्या पोऱ्यानं ते पुडकं हातात घेऊन उलटंपालटं केलं, हुंगलं आणि हे काय म्हणून विचारलं. बायको म्हणाली, औषध. भाऊ-बहिणीनं ते औषध पहिल्या वीस मिनिटांत संपवलं.

मेव्हण्यांच्या आग्रहाखातर हिंदीतला शो घेतला होता. मुलगी माझ्या शेजारी बसली. मी मांडीवर हात ठेवून, शहाण्यासारखा बसलो.

खोटं कशाला बोलू, पहिली दहा मिनिटं मीही हरखलो. केवढा तो डोंगर, केवढं ते धुकं! मेव्हणे दर दोन मिनिटांनी पुढे वाकून विचारत होते, "पोरी, हा डोंगर पन तूच केलास?" ती म्हणायची, नाही मामा. "आणि ते पाखरू?" नाही मामा. तरी ते टाळ्या वाजवतच होते. भाचीनं काय केलंय ते नक्की कळत नाही, तर सगळ्यालाच टाळ्या द्याव्यात, हा त्यांचा हिशेब साधा होता.

मग हळूहळू माझं आतलं पेन चालायला लागलं. पुस्तकात गाव म्हणजे सात घरं, त्यातलं एक रिकामं. इथं सातशे घरं, पवनचक्क्या, धबधबे, बाजारात हत्तीएवढे बैल. पुस्तकातली म्हातारी कधी दिसतच नाही, फक्त तिच्या कमरेच्या किल्ल्या वाजतात, आणि त्या वाजल्या की माझ्या अंगावर काटा यायचा. इथली म्हातारी चांगली तरणीताठी, चंदेरी केसांची, कपडे बदलत होती. भाऊ मुका असल्याचं विसरून दोन ठिकाणी त्याच्या तोंडी गाणंही घातलं होतं, म्हणे मनातलं. माझ्या हाताला खाज सुटली. बायकोनं अंधारातच माझ्या मनगटावर हात ठेवला.

मी स्वतःला समजावत होतो की असू दे, काळोखाचं प्रकरण येऊ दे. ते त्यांना बिघडवता येणार नाही. काळोखात दाखवणार काय?

ते आलं. मुलगी डोंगराच्या पोटात उतरली आणि भक्क उजेड झाला. गुहेच्या भिंतींना चमकणारे खडे. छतापासून जमिनीपर्यंत फुलपाखरं, हजारो, लाखो, आणि प्रत्येक फुलपाखरू म्हणजे एक आवाज. सगळी निळी. त्यांच्यामधे एक सोनेरी.

एक सोनेरी! मग ओळखायचं काय राहिलं? थेटरातल्या तीन वर्षांच्या पोरालाही कळलं की भावाचा आवाज तोच. ते ओरडलंसुद्धा, "मम्मी, वो वाला!" उचकी नाही, पाठ फिरवणं नाही, भीती नाही. संगीत असं, की उचकी दिली असती तरी ऐकू आली नसती. मला इतका राग आला म्हणून सांगू. असं वाटलं, कुणीतरी आमच्या दीड खोलीत शिरून ट्यूबलाइट लावलीय. मी डोळे मिटून घेतले. डोळे मिटून मी माझा काळोख शोधत बसलो, मेणबत्ती, खालचं रडणारं बाळ, पोरीचा फुटलेला स्वर. तो सापडलाही. संगीत थांबेपर्यंत मी तिथंच होतो.

सिनेमा संपल्यावर नावं सुरू झाली. लोक उठून गेले, झाडूवाले येऊन उभे राहिले, आम्ही पाच जण पडद्याकडे टक लावून. मुंग्यांच्या रांगेसारखी नावं वर सरकत होती. एका क्षणी मुलगी पुटपुटली, "ते बघा," आणि आम्ही बघेपर्यंत ते गेलंसुद्धा. तरी बायकोच्या डोळ्यांतून पाणी आलं. मेव्हणे झाडूवाल्यांना सांगत होते की आमच्या पोरीचं नाव आहे त्याच्यात.

बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं, "कसा वाटला?"

बायको मागे उभी होती. मेव्हणे पाठ थोपटून थोपटून पोरीला बेजार करत होते. आणि तिचा चेहरा, काय सांगू, निकालाच्या दिवशी असायचा तसा झाला होता. या तोंडावर मी काय सांगणार, की तुझे सात महिने पाण्यात गेले? मी म्हणालो, "छान. छान होता."

"छान?"

"छानच. डोंगर वगैरे फार छान."

तिनं मान हलवली. पुढे काही विचारलं नाही.

घरी आल्यावर बायकोनं मला न मागता दुसऱ्यांदा चहा दिला, इतकी ती माझ्यावर खूश होती. तो आनंद आठवडाभरच टिकला. मुलगी नीट वागत होती. अति नीट. जेवताना विचारलेल्याचं उत्तर द्यायची, पाणी हवंय का विचारायची, रिमोट माझ्यासमोर ठेवून आत जायची. पूर्वी माझ्याशी वर्तमानपत्राच्या मथळ्यांवरून भांडायची, तेही बंद. घरात पाहुणी राहायला आली असावी असं वाटायचं. बायको म्हणाली, "तुम्ही काही बोललात का तिला?" मी म्हटलं, "तू सांगितलंस तेच बोललो."

तीन आठवड्यांनी एका मधल्या वारी तिला सुट्टी होती. बायको माहेरी गेली होती. मी स्वयंपाकघरात मटार सोलत बसलो होतो, ती येऊन समोर बसली आणि तीही सोलायला लागली. पाच-सहा शेंगा सोलून झाल्या. मग मान वर न करता तिनं विचारलं, "बाबा, ते कवी आठवतात? कल्याणहून यायचे?"

आठवत होते. फार भला माणूस. दरवर्षी कवितांची वही घेऊन यायचा.

"तुम्ही त्यांना दरवेळी छान म्हणायचात. ते गेले की आईला म्हणायचात, यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नाही, सगळंच गेलेलं आहे. आणि ज्यांचं लिखाण तुम्हाला आवडायचं, त्यांची पानं लाल करून सोडायचात. मी बघितलंय ना."

मटाराचा दाणा माझ्या बोटातून सुटून ओट्याखाली गेला.

"म्हणून विचारलं," ती म्हणाली. "माझं तेवढं वाईट होतं का?"

मी घाईघाईनं सगळं सांगून टाकलं. तिचं नाही, सिनेमाच वाईट होता. त्या फुलपाखरांचं सांगितलं, म्हातारीच्या केसांचं, उचकीचं. बोलता बोलता आवाज चढला. ती ऐकत होती. मधेच म्हणाली, "हो, ती फुलपाखरं आली तेव्हा आमच्या फ्लोअरवर मी एकटीच चिडले होते. बाकीच्यांनी पुस्तक कुठं वाचलंय?" आणि मग हळूच, "पण बाबा, मी सिनेमाचं नव्हतं विचारलं. सिनेमा काय, तो हजार लोकांचा. मी माझ्या कामाचं विचारलं होतं. आणि माझे शॉट आले तेव्हा तुम्ही डोळे मिटून बसला होतात."

मी हातातली शेंग खाली ठेवली.

"मी पडद्याकडे बघतच नव्हते. तुमच्याकडे बघत होते."

असं कधी कधी होतं, की आपली चूक दुसऱ्यानं दाखवल्यावर ती इतकी मोठी दिसते की आजवर कशी सुटली याचंच आश्चर्य वाटतं. एवढ्या मोठ्या थेटरात मी माझं पुस्तक बघायला गेलो होतो. ते मिळालं नाही म्हणून रुसून डोळे मिटले. शेजारी बसलेल्या मुलीला बघायला मी गेलोच नव्हतो. मला स्वतःची शरम वाटली, आणि ती मी तशीच बोलून दाखवली. ती म्हणाली, "जाऊ द्या हो." पण जाऊ दिलेलं नव्हतं, हे दिसत होतं.

"आज कुठं लागलाय का?" मी विचारलं.

मोबाइलवर शोधून तिनं सांगितलं, गोखिवऱ्याच्या बाजूला एका ठिकाणी दुपारचा एक शो उरलाय. मटार तसेच ठेवून आम्ही रिक्षा केली.

थेटरात आम्ही धरून सात-आठ जण असू. मी तिला म्हटलं, तुझे शॉट कुठले ते सांगू नकोस. ती म्हणाली, सांगणारच नव्हते. यावेळी मी सिनेमा बघितला नाही, प्रूफ बघितलं. त्याची एक पद्धत असते. अर्थाकडे लक्ष द्यायचं नाही. अर्थ माणसाला पुढं ओढतो आणि डोळा चुकीवरून घसरतो. म्हणून मी गोष्ट सोडून दिली आणि नुसत्या कडा बघत राहिलो, खांदे, केसांच्या बटा, दगडांच्या रेषा, पायाखालची जमीन. डोंगर गेला, बैल गेले, म्हातारी कपडे बदलून गेली, मला कुणाचा राग आला नाही. शेजारी ती श्वासही जपून घेत होती.

काळोखाचं प्रकरण आलं, उजेड झाला. मुलगी विहिरीसारख्या एका खोल जागेतून खाली तरंगत येते, केस वर उडालेले, भोवती फुलपाखरं. चार सेकंदं असतील. कमरेपाशी काहीही नव्हतं. वायर होती असं शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं, एकेक केस जिथल्या तिथं होता. पण मागच्या दगडी भिंतीवर मुलीची सावली उतरत होती, आणि त्या सावलीच्या कमरेतून एक बारीक, सरळ रेघ वर गेली होती.

मी शेजारी बसलेल्या पोरीचं मनगट धरलं. "सावली," मी म्हणालो. "वायर पुसलीस, वायरीची सावली राहिली भिंतीवर."

पुढच्या रांगेतल्या माणसानं वळून बघितलं. पडद्याच्या निळ्या उजेडात मला तिचा चेहरा दिसला आणि मी घाबरलो. वाटलं, केलं मी पुन्हा तेच, बायको नव्हती मनगट धरायला. पण तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि लहानपणी रडायची तशी रडायला लागली.

"काम परदेशी पाठवल्यावर दुसऱ्या दिवशी मला दिसली ती," ती म्हणाली. "तोपर्यंत किती जणांनी पास केलं होतं. तिकडच्यांनी केलं, मोठ्या साहेबांनी केलं. कुणालाच दिसली नाही. मी कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, बाबांना दिसेलच. इतके दिवस मी त्याचीच वाट बघत होते."

चुकलं माझं, असं म्हणालो, ते तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. मग म्हणालो, "वायर मात्र फार सुंदर पुसलीयस."

"सुंदर वगैरे राहू द्या," नाक ओढत ती म्हणाली, आणि माझी हनुवटी धरून तोंड पडद्याकडे वळवलं. "पुढचा पण माझाच आहे. नीट बघा."